पाच तारे आणि एक स्लॅब : एका चिठ्ठीचे परीक्षण

परीक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एखादे पुस्तक, नाटक किंवा फार तर नवे पाठ्यपुस्तक येते. या लेखात ज्या मजकुराचे परीक्षण करायचे आहे, तो जेमतेम दोन तळहातांएवढ्या जागेत मावतो. त्याला लेखकाचे नाव नाही. मात्र आज मराठीतल्या बहुतेक पुस्तकांपेक्षा त्याचा वाचकवर्ग मोठा आहे आणि तो वाचून लोक चाळीस-पन्नास हजार रुपये खर्च करतात. हा मजकूर म्हणजे वातानुकूलन यंत्रावर, म्हणजे एसीवर चिकटवलेली ताऱ्यांची चिठ्ठी.

हा विषय सुचला तो कोल्हापुरात. माझे मामा निवृत्त शिक्षक. शिवाजी पेठेतले जुने कौलारू घर उतरवून त्यांनी त्याच जागी दुमजली स्लॅबचे घर बांधले. वरच्या मजल्यावर दहा फूट बाय तेरा फुटांची खोली, वर उघडी गच्ची. मामींना उन्हाळ्यात तिथे झोप लागेना, रक्तदाबाचा त्रास वाढला, म्हणून पतसंस्थेचे कर्ज काढून मामांनी दीड टनाचा, पाच ताऱ्यांचा एसी बसवला. मे महिन्यात मी गेलो, तेव्हा विजेचे बिल माझ्यापुढे ठेवून त्यांनी विचारले, "अरे, तू एवढा शास्त्रज्ञ. पाच तारे बघून घेतला, चिठ्ठीवर वर्षाला आठशे युनिट लिहिलंय. मग हे काय? चिठ्ठी खोटी आहे का?"

गणित शिकवणाऱ्या माणसाचा प्रश्न होता. त्यांनी हिशेबही केला होता. चिठ्ठीवरचे ८०० युनिट हे १६०० तासांसाठी असतात, म्हणजे तासाला अर्धे युनिट. मामा रात्री दहा ते पहाटे चार असे सहा तास यंत्र चालवत होते. तीन युनिटे व्हायला हवी होती. प्रत्यक्ष मीटर वाचला तर रात्रीला जवळजवळ सहा.

चिठ्ठी खोटी नाही. पण मामा जो प्रश्न विचारत होते, त्याचे उत्तर देण्यासाठी ती लिहिलेलीच नाही. हे कसे, ते समजून घेण्यात भौतिकशास्त्राचे दोन-तीन धडे सहज शिकवून होतात.

चिठ्ठी काय सांगते?

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला. त्यानुसार २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची स्थापना झाली आणि २००६ पासून या ब्यूरोने घरगुती उपकरणांना तारे देणे सुरू केले. एसीवर ही चिठ्ठी २०१० पासून सक्तीची आहे. तिच्यावर मुख्य आकडे तीन असतात : यंत्राची थंड करण्याची क्षमता, त्याचा कार्यक्षमतेचा अंक आणि वर्षाचा वीजवापर.

कार्यक्षमतेचा अंक म्हणजे साधा भागाकार आहे. खोलीतून बाहेर काढलेली उष्णता भागिले त्यासाठी खर्चलेली वीज. पाच हा अंक असेल तर एक युनिट वीज खर्चून यंत्र पाच युनिट उष्णता बाहेर टाकते. विद्यार्थी इथे हटकून विचारतात, "सर, एक घालून पाच कसे निघतात? ऊर्जा अक्षय्यतेचे काय?" हा प्रश्न कुणी विचारला नाही, तर शिक्षकाने मुद्दाम काढावा. यंत्र उष्णता किंवा गारवा निर्माण करत नाही; असलेली उष्णता एका जागेहून उचलून दुसऱ्या जागी ठेवते. विहिरीतून पाणी उपसणारा पंप पाणी तयार करत नाही, तसेच हे.

पंपाची उपमा पुढेही उपयोगी पडते. पाणी जितके खोल, तितका उपशाला खर्च जास्त. त्याचप्रमाणे आतली थंड जाळी आणि बाहेरची गरम जाळी यांच्या तापमानांतला फरक जितका मोठा, तितकी त्याच उष्णतेसाठी जास्त वीज लागते. ही गोष्ट लक्षात ठेवावी.

"टन" या शब्दाची गंमतही वर्गात सांगण्याजोगी आहे. यंत्राच्या वजनाशी तिचा संबंध नाही. पूर्वी गारव्यासाठी बर्फ वापरत. एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो उष्णता काढण्याचा दर म्हणजे "एक टन". बर्फाची वितळण्याची अप्रकट उष्णता किलोला ३३४ किलोज्यूल धरून विद्यार्थ्यांनी गुणाकार करावा आणि दिवसातल्या ८६,४०० सेकंदांनी भागावे. उत्तर साडेतीन किलोवॅट येते. म्हणजे दीड टनाचा एसी पूर्ण वेळ पूर्ण जोराने चालला, तर त्याचे काम रोज खोलीत तेराशे साठ किलो बर्फ आणून वितळवण्याइतके आहे.

चिठ्ठीचे गुण

परीक्षकाने आधी गुण सांगावेत. पहिला गुण असा की सर्व यंत्रांची परीक्षा सारख्याच अटींवर होते. बाहेर ३५ अंश आणि आत २७ अंश सेल्सिअस तापमान ठेवून मोजमाप केले जाते. कंपनीच्या जाहिरातीपेक्षा हा आकडा कितीतरी विश्वासार्ह. दुसरा गुण, अंक काढताना वर्षभर एकच तापमान न धरता २४ पासून ४३ अंशांपर्यंतच्या बाहेरच्या तापमानांचे किती तास येतात हे हिशेबात घेतले जाते. तिसरा, निकष वेळोवेळी कडक होतात. २०१८ च्या निकषांनुसार भिंतीवरच्या एसीला पाच ताऱ्यांसाठी अंक ४.५ पुरत असे. जुलै २०२२ पासून ५ लागू लागला. म्हणजे २०१९ साली पाच तारे मिळालेले ४.६ अंकाचे यंत्र २०२२ च्या मोजपट्टीवर चारच ताऱ्यांचे ठरते. म्हणून चिठ्ठीवरचे वर्ष न पाहता तारे मोजणे म्हणजे परीक्षा कोणत्या इयत्तेची ते न पाहता गुण मोजणे होय.

पहिला दोष : चिठ्ठीला गाव नाही

सोळाशे तास हा देशाचा सरासरी हिशेब आहे. नागपूरला मे महिन्यात पारा ४३-४५ अंशांवर जातो, मुंबईला घाम आठ महिने निघतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पायथ्याशी. एप्रिल-मे महिन्यांत दुपार ३६ ते ३८ अंशांची. चाळिशी ओलांडणारे दिवस थोडे. रात्री पारा २२-२३ अंशांपर्यंत उतरतो आणि मे महिन्यात वळीव येऊन मधूनमधून दिलासा देतो. मामांसारखे घर मार्चअखेरीपासून जूनच्या पावसापर्यंत पंचाहत्तर दिवस, रोज सहा तास एसी लावते, म्हणजे ४५० तास.

आता खरेदीचा हिशेब करू. दुकानात दोन यंत्रे आहेत असे समजा. एकावर वर्षाला ८०० युनिट, दुसऱ्यावर १००० युनिट लिहिले आहेत. ग्राहक म्हणतो, वर्षाला २०० युनिटांची बचत. पण ४५० तासांच्या वापराला ही बचत ढोबळमानाने ५६ युनिटांवर येते. महावितरणच्या बिलातल्या आपल्या वरच्या टप्प्याचा दर घालून त्याचे रुपये करावेत आणि पाच ताऱ्यांसाठी मोजलेली जादा किंमत किती वर्षांत वसूल होते ते विद्यार्थ्यांनी काढावे. नागपूरच्या घराला जे गणित सहज फायद्याचे ठरते, ते कोल्हापुरात पुष्कळदा काठावर येते. चिठ्ठीवर दोन-तीन हवामानांचे तास वेगवेगळे छापले असते तर हा घोटाळा झाला नसता.

दुसरा दोष : तारे कुठे मिळतात, ते ती सांगत नाही

आजच्या इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर हळूही चालू शकतो. कार्यक्षमतेचा अंक काढताना पूर्ण भार आणि अर्धा भार अशी दोन्ही मोजमापे धरतात. अर्ध्या भाराला जाळ्या तेवढ्याच मोठ्या, पण वाहून न्यायची उष्णता निम्मी. त्यामुळे दोन जाळ्यांच्या तापमानांतला फरक कमी होतो. आपल्या उपमेत विहीर उथळ होते. ताऱ्यांची मोठी कमाई इथली आहे.

मामा यंत्र १८ अंशांवर लावत होते. "लवकर गार होतं," असे त्यांचे म्हणणे. पण १८ लिहिल्याने यंत्र अधिक जोराने गार करत नाही. फक्त थांबायचे विसरते. खोली १८ ला कधी पोहोचतच नव्हती, म्हणून कॉम्प्रेसर रात्रभर पूर्ण भारावर. पाच ताऱ्यांचे पैसे मोजले आणि पाच तारे जिथे मिळतात त्या अवस्थेत यंत्राला जाऊच दिले नाही, असा हा प्रकार. जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू करताच तो २४ अंशांवर असावा असा नियम झाला, तो उगाच नव्हे. चिठ्ठीवर मात्र याविषयी एक ओळ नाही.

तिसरा दोष : चिठ्ठीला घर दिसत नाही

हा सर्वांत मोठा दोष आहे. वीजवापर म्हणजे यंत्राने बाहेर काढलेली उष्णता भागिले कार्यक्षमता. चिठ्ठी भागाकारातल्या खालच्या संख्येविषयी बोलते. वरची संख्या, म्हणजे खोलीत किती उष्णता शिरते, ती घर ठरवते.

मामांच्या खोलीचे छत १२ चौरस मीटर आणि पाच इंच जाडीचे आहे. अशा उघड्या स्लॅबच्या प्रत्येक चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर, सुमारे साडेतीन वॅट उष्णता आत येते. मे महिन्यात भर दुपारी हवा ३७ अंशांची असली तरी डोक्यावरच्या उन्हामुळे करड्या स्लॅबच्या दृष्टीने बाहेर जणू ६० अंश आहेत. खोली २६ अंशांची धरली तर साडेतीन गुणिले १२ गुणिले ३४, म्हणजे सुमारे १४०० वॅट. दीड टनापैकी चार दशांश टन एकट्या छतासाठी! स्लॅब जाड असल्यामुळे प्रत्यक्षात हे शिखर थोडे बुटके होते आणि तीन-चार तास उशिरा, संध्याकाळी खोलीत उतरते.

उशिरा येणारी ही उष्णता हाच कोल्हापूरच्या उन्हाळ्याचा खरा प्रश्न आहे. रात्री अकरा वाजता गच्चीवर अंथरूण टाकले तर पांघरूण लागते आणि खाली खोलीत मात्र जीव नकोसा होतो, हा अनुभव पेठेतल्या प्रत्येकाला आहे. कारण सोपे आहे. हा स्लॅब म्हणजे सुमारे साडेतीन हजार किलो काँक्रीट. तो दहा अंशांनी निवायचा तर जवळजवळ नऊ युनिट उष्णता बाहेर पडते. काही वर आकाशाकडे जाते, उरलेली खाली मामा-मामींच्या अंगावर. मामा खिडक्या बंद करून रात्रभर जे गार करत होते ते प्रामुख्याने दिवसभर तापलेले काँक्रीट होते, आणि खिडकीबाहेर तेवीस अंशांची हवा फुकट वाहत होती.

मामांच्या जुन्या घराला हा त्रास नव्हता. मंगलोरी कौले पातळ असल्याने ऊन उतरताच निवत. त्यांच्या फटींतून गरम हवा निघून जाई. खाली माळ्यावरचा हवेचा थर आणि लाकडी तक्तपोशी उष्णता अडवी. याचा अर्थ पुन्हा कौलांकडे वळावे असा नाही. दर पावसाळ्याआधी कौले उतरवून लावण्याचा ताप आणि गळक्या आषाढाची ओल ज्यांनी सोसली आहे त्यांनी स्लॅब का घातला हे सांगायला नको. पण कौले काढताना आपण केवळ गळती काढली नाही. छताखालचा हवेचा थरही काढला, आणि त्याच्या जागी काही ठेवले नाही.

ब्यूरोला हे ठाऊक नाही असे नव्हे. डिसेंबर २०१८ मध्ये त्याच संस्थेने इको-निवास संहिता प्रसिद्ध केली. तिच्यात छतातून जाणाऱ्या उष्णतेला मर्यादा आहे : चौरस मीटरला, एका अंशाला, १.२ वॅट. मामांचा स्लॅब याच्या तिप्पट उष्णता आत घेतो. पण ती संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी इमारतींसाठी आहे. पेठेतले घर तिच्यात बसत नाही. यंत्राची परीक्षा सक्तीची आणि ज्या घरात ते बसायचे त्याला परीक्षाच नाही, ही विसंगती आहे.

चौथा दोष : गळतीबद्दल मौन

मामांच्या यंत्रात "गॅस कमी झाला" म्हणून एका कारागिराने दुसऱ्याच वर्षी पैसे घेऊन गॅस भरला होता. हा शब्दप्रयोग आपण स्वयंपाकाच्या सिलिंडरवरून उचलला असावा. सिलिंडरातला गॅस जळतो, म्हणून संपतो. एसीतला गॅस बंद नळ्यांतून तोच तो फिरत असतो. बाष्प होतो, पुन्हा द्रव होतो. तो वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर नळी कुठेतरी गळते आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. कमी गॅसवर यंत्र जास्त वेळ चालते, गारवा कमी देते आणि बिल वाढवते. दुरुस्ती करून घेताना "गळती कुठे होती ते दाखवा, आणि गॅस वजन करून भरा" एवढी दोन वाक्ये म्हणायला हरकत नाही.

यात पर्यावरणाचाही हिशेब आहे. सध्याच्या अनेक यंत्रांत आर-३२ हा वायू असतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट तापमानवाढ करतो. आपल्या देशात एक युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे एक किलो आर-३२ हवेत गेला तर त्याची हानी साडेनऊशे युनिट विजेइतकी, चिठ्ठीवरच्या वर्षभराच्या विजेहून अधिक. एका निष्काळजी दुरुस्तीत पाचही तारे मावळतात.

मग पैसे कुठे घालावेत?

मामांना मी क्रम लिहून दिला. आधी छत. पांढऱ्या लेपाने किंवा पांढऱ्या चायना मोझेकने छताला जाणवणारे ६० अंश सुमारे ४६ वर येतात. १४०० वॅटचे ८४० होतात. चुन्याचा लेप स्वस्त, पण कोल्हापूरच्या पावसात शेवाळाने काळा पडतो, म्हणून दर फाल्गुनात पुन्हा द्यावा लागतो. गळतीसाठी गच्चीवर कोबा करायचाच असेल, तर त्याच वेळी उष्णतारोधक थर घालून घ्यावा, १.२ ची मर्यादा गाठली आणि वर पांढरा रंग असला तर तेच १४०० वॅट तीनशेच्या आत येतात. कोल्हापुरात पावसासाठी गच्चीवर पत्र्याचे छप्पर घालण्याची पद्धत आहेच. बाजू मोकळ्या ठेवल्या तर तेच छप्पर उन्हाळ्यात सावली देते.

मग पंखा. सीलिंग फॅनला ताऱ्यांची चिठ्ठी जानेवारी २०२३ पासून सक्तीची झाली. जुना पंखा ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी पंखा साधारण ३० वॅटचा. रोज दहा तास, वर्षात ३०० दिवस, म्हणजे ३००० तास चालणाऱ्या एका पंख्यामागे बचत १३५ युनिट. एसीच्या जादा ताऱ्यांनी दिलेल्या ५६ युनिटांच्या दुप्पट-अडीचपट, त्याही फार कमी पैशांत. छोट्या यंत्रावरची चिठ्ठी इथे मोठ्या यंत्रावरच्या चिठ्ठीला हरवते, कारण पंखा अधिक तास चालतो.

यानंतर एसी, तोही २६ अंशांवर, पंखा सोबत लावून. संध्याकाळनंतर बाहेरची हवा आतल्याहून गार झाली की खिडक्या उघडायच्या. एसी लागलाच तर झोपताना दोन तास. मामींची तब्येत पाहता एसी नकोच, असे म्हणणे दुष्टपणाचे ठरले असते. उकाडा वृद्धांना आणि आजाऱ्यांना खरोखर घातक असतो. प्रश्न त्याला कमी काम लावण्याचा आहे.

वर्गात करून पाहा

मार्च महिन्यात सारख्या आकाराच्या दोन सिमेंटच्या फरश्या गच्चीवर ठेवा. एकीला चुन्याचे दोन हात द्या. प्रत्येकीच्या खाली, फरशीला टेकलेला एक थर्मामीटर ठेवा आणि सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत दर तासाला नोंद करा. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा. हवेच्या तापमानाचे शिखर आणि फरशीखालचे शिखर यांतले अंतर किती तासांचे आहे, ते पाहा. नंतर जाड फरशीने तोच प्रयोग करा. घरी मुलांनी रात्री दहा आणि सकाळी सहा असे दोनदा विजेचे मीटर वाचावे. चिठ्ठीवरचे आकडे आणि मीटरवरचे आकडे शेजारी-शेजारी मांडले की उष्णतावहन, विशिष्ट उष्मा आणि कार्यक्षमता हे तिन्ही पाठ एकत्र येतात.

मामांनी या वर्षी गुढीपाडव्याआधी गच्चीला पांढरा लेप दिला, पंखा बदलला आणि एसी २६ वर आणला. मेमधल्या एका रात्री त्यांनी दूरध्वनी करून मीटरचा आकडा कळवला : दोन युनिट. मग म्हणाले, "चिठ्ठी खरी होती म्हणायची. घरच तिच्या लायकीचं नव्हतं."

परीक्षक म्हणून मी त्यात एवढीच भर घालीन, की जी चिठ्ठी घराविषयी एक अक्षर बोलत नाही, तिला घर पाहून वाचायला शिकवणे हे काम ब्यूरोने केले नाही, तर ते शाळेनेच करायला हवे.